बंद पडलेली थिन फिल्म लाईन घेऊन सोलर पार्कला पॅनल विकता येतील का?

प्रश्न नीट वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरचं काच टफनिंगचं युनिट आहे, शेजारी रिकामा प्लॉट आहे, एचटी (उच्च दाबाचं वीज) कनेक्शन आहे, आणि एक एजंट परदेशात बंद पडलेली २०० मेगावॅटची थिन फिल्म लाईन (काचेवर थेट पातळ थर बसवून पॅनल बनवणारी) स्वस्तात देतोय. त्याचं म्हणणं, थिन फिल्मला वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) लागत नाही त्यामुळे चीनचा संबंधच येत नाही, आपल्याकडच्या उन्हात हे पॅनल सिलिकॉनपेक्षा जास्त वीज देतात, आणि काच तर तुमच्या हातातलीच गोष्ट आहे. तुम्हाला विचारायचंय की ही लाईन घ्यावी का, आणि माल मोठ्या सोलर पार्कांना जाईल का.

मी आधी थिन फिल्मच्या प्रॉडक्शनला होतो, नंतर डेव्हलपरच्या (सोलर पार्क उभारणाऱ्याच्या) बाजूने मॉड्यूल, म्हणजे पॅनल, खरेदी आणि क्वालिटी बघायला लागलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावर माझं उत्तर "घेऊ नका" असंच आहे. पण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि एजंटने सांगितलेलं सगळंच खोटं आहे असंही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही की ही लाईन कुठल्या मटेरियलची आहे. थिन फिल्म हे एक नाव झालं, त्याच्या पोटात अमॉर्फस सिलिकॉन येतं, सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमचं संयुग) येतं, कॅडमियम टेल्युराईड येतं, आणि आता पेरोव्हस्काईटही. बाजारात सेकंड हँड फिरणाऱ्या लाईनी बहुतेक पहिल्या दोन प्रकारच्या असतात, कारण बंद पडलेले कारखाने मुख्यतः तेच. अमॉर्फस असेल तर विषय इथेच संपला. त्याचं पॅनल उन्हात गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच पॉवर गमावतं आणि मग स्थिरावतं, आणि स्थिरावलेली एफिशियन्सी इतकी कमी की एएलएमएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या मंजूर मॉड्यूलच्या यादीच्या, किमान एफिशियन्सीच्या जवळपासही जात नाही (२०२३ मध्ये युटिलिटी स्केलच्या, म्हणजे मोठ्या सोलर पार्कच्या, सिलिकॉन मॉड्यूलला २० टक्क्यांची अट घातली गेली, कॅडमियम टेल्युराईडला वेगळी मर्यादा आहे). सीआयजीएसमध्ये अमेरिकेतली सोलिंड्रा २०११ मध्ये बुडाली आणि जपानच्या सोलर फ्रंटियरसारख्या जुन्या, तयार कंपनीनेही शेवटी स्वतःचं उत्पादन थांबवलं. युटिलिटी स्केलला आज टिकून असलेलं थिन फिल्म म्हणजे कॅडमियम टेल्युराईड, आणि तिथेही जगात जवळजवळ एकच मोठा खेळाडू आहे, फर्स्ट सोलर.

आपल्याकडे हा प्रयोग आधी झालेला आहे, हे नवीन लोकांना माहीत नसतं. मोझर बेअरने ग्रेटर नोएडात अप्लाइड मटेरियल्स या मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून अमॉर्फस सिलिकॉनची तयार लाईन घेतली होती, एकेक काच ५.७ चौरस मीटरची, बघूनच दडपायला व्हायचं. विचार तेव्हा चुकीचा नव्हता. २००८ च्या आसपास पॉलिसिलिकॉन (सिलिकॉन पॅनलचा कच्चा माल) किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं होतं आणि सिलिकॉन न वापरणारं काहीही हुशारीचं वाटत होतं. मग पॉलिसिलिकॉन कोसळलं, क्रिस्टलाइन (नेहमीचे सिलिकॉनचे) पॅनल स्वस्त झाले, आणि २०१० मध्ये अप्लाइड मटेरियल्सने त्या लाईनी विकणंच बंद केलं. म्हणजे मशीन विकणारा निघून गेला आणि घेणाऱ्याकडे मशीन राहिलं. तुमच्या केसमध्ये तर मशीन बनवणारा आधीच पिक्चरमध्ये नाही, मध्ये एक एजंट आहे.

आता मुद्द्याचं. सिलिकॉन मॉड्यूलचा कारखाना आणि थिन फिल्मचा कारखाना यात फरक काय, हे समजलं की बाकीचं आपोआप कळतं. सिलिकॉनमध्ये तुम्ही तयार सेल विकत आणता, स्ट्रिंगर (सेल एकमेकांना जोडणारं मशीन) लावता, ईव्हीए (चिकटवणारा प्लास्टिकचा थर) आणि काच घालून लॅमिनेट करता, फ्रेम मारता. एखादा सेल खराब निघाला तर तो बाजूला काढता, नुकसान एका सेलचं. सेल कुठल्या क्वालिटीचा आहे हे बनवणाऱ्याने आधीच मोजून ठेवलेलं असतं. म्हणून मॉड्यूल लाईन विकत मिळते, विकणाऱ्याचे लोक येऊन चालू करून देतात, आणि बऱ्यापैकी माल लवकर निघायला लागतो.

थिन फिल्ममध्ये सेल नावाची वेगळी वस्तूच नसते. एका टोकाला काच जाते, दुसऱ्या टोकाला पॅनल बाहेर येतं, फर्स्ट सोलर सांगते की त्यांच्याकडे हे साधारण चार तासांत होतं. काचेवर आधी पारदर्शक कंडक्टिव्ह कोटिंग असतं, बहुतेक टिन ऑक्साईडचं. त्यावर साधारण पाचशे-सहाशे डिग्रीला अर्धवाहकाचे थर बसतात, मुख्य थर दोन-तीन मायक्रॉनचा. मग कॅडमियम क्लोराईड लावून चारशे डिग्रीच्या आसपास भाजतात, आणि ही स्टेप नीट झाली नाही तर बाकी सगळं परफेक्ट असूनही पॅनल मरतुकडं निघतं. मग मागचा कॉन्टॅक्ट. आणि या सगळ्याच्या मधे मधे लेझरने तीन वेळा रेघा मारतात, फ्लोअरवर त्यांना पी-वन, पी-टू, पी-थ्री म्हणतात. त्या रेघांनी एकच थर अडीचशेहून जास्त अरुंद पट्ट्यांमध्ये कापला जातो आणि त्या पट्ट्या एकामागे एक सिरीजमध्ये जोडल्या जातात. तीन रेघा एकमेकींच्या जितक्या जवळ तितकी वाया जाणारी जागा कमी, आणि एकमेकींवर चढल्या तर शॉर्ट. काच भट्टीतून आल्यावर किंचित जरी वाकलेली असली तरी लेझरचा फोकस हलतो. काच धुताना राहिलेला एक कण, त्याच्याखाली थर बसत नाही, बारीक छिद्र राहतं, आणि तिथून करंट गळतो. आणि इथे "खराब सेल काढून टाकू" हा पर्याय नाही, ती अख्खी काच बाद.

म्हणून यील्ड हाच सगळा धंदा आहे. शंभर काचांमधल्या नव्वद पास झाल्या की पंच्याण्णव, यावर कारखाना जगतो की मरतो ते ठरतं. आणि तो यील्ड मशीनबरोबर खरेदी होत नाही. भट्टीच्या कुठल्या झोनला किती डिग्री, बेल्टचा वेग, वाफेचा फ्लो, क्लोराईड किती, कॉपर किती, हे सगळं मिळून जी रेसिपी बनते ती त्या इंजिनियरांच्या डोक्यात आणि वर्षानुवर्षांच्या डेटात असते, आणि लाईन हलवली, काचेचा सप्लायर बदलला की ती परत बसवावी लागते. अहो फर्स्ट सोलरसारख्या कंपनीलाही, जिचा सगळा जन्म यात गेला, त्यांच्या सिरीज ७ या पॅनलच्या सुरुवातीच्या काही मालात मॅन्युफॅक्चरिंगचे दोष आढळल्याचं २०२४ मध्ये जाहीर करावं लागलं आणि त्यासाठी कोट्यवधी डॉलरची तरतूद करावी लागली. त्यांच्याकडे ते सोसायला ताळेबंद होता. तुमच्याकडे टफनिंगचं युनिट आहे.

काच तुम्हाला येते हा मुद्दा अर्धाच खरा आहे. तुम्ही टफन करता ती काच या प्रोसेसला पुढच्या बाजूला चालत नाही, कारण पाचशे-सहाशे डिग्रीला गेल्यावर टफनिंगचा ताण निघून जातो. पुढची काच त्यामुळे फार तर हीट स्ट्रेंग्थन्ड असते, म्हणजे तुमच्या मालापेक्षा कमजोर, आणि म्हणून साईटवर थिन फिल्म हाताळताना जरा जास्तच जपावं लागतं. क्लॅम्पचा टॉर्क जास्त झाला की कोपऱ्यातून क्रॅक सुरू होतो आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुमचं कौशल्य लागतं ते मागच्या काचेला. त्यावर खाली बोलतो.

आता एजंटच्या दोन दाव्यांकडे.

"उन्हात जास्त वीज." हे एकेकाळी ठणठणीत खरं होतं. हिशोब करून बघा. दुपारी पॅनल ६५ डिग्रीला आहे, म्हणजे टेस्टच्या २५ डिग्रीपेक्षा ४० डिग्री वर. जुन्या मल्टी (मल्टिक्रिस्टलाइन सिलिकॉन) पॅनलचा टेम्परेचर कोइफिशियंट (एक डिग्री वाढली की पॉवर किती घटते तो आकडा) डिग्रीला उणे ०.४१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे १६ टक्क्यांहून जास्त पॉवर गेली. कॅडमियम टेल्युराईडचा उणे ०.३२, म्हणजे १३ टक्क्यांच्या आत. साडेतीन टक्क्यांचा फरक, सोलर पार्कच्या भाषेत हे सोनं आहे. पण मग पर्क हा सिलिकॉन सेलचा सुधारित प्रकार आला, उणे ०.३५ वर. आणि आता त्याच्याही पुढचा टॉपकॉन, उणे ०.२९ ते ०.३०. त्याच ६५ डिग्रीला टॉपकॉन १२ टक्क्यांच्या आत गमावतं. म्हणजे तापमानाचा फायदा सिलिकॉनने खाऊन टाकला, किंबहुना थोडा उलटा फिरलाय. त्यात टॉपकॉन दोन्ही बाजूंनी वीज करतं, कॅडमियम टेल्युराईड मुख्यतः एकाच बाजूने.

एक फायदा मात्र अजून शिल्लक आहे, तो दमट हवेचा. हवेतली वाफ इन्फ्रारेड शोषते. सिलिकॉन त्यातला बराच भाग वापरतं त्यामुळे त्याचं नुकसान होतं, कॅडमियम टेल्युराईड साधारण ८५० नॅनोमीटरच्या पुढचं काही वापरतच नाही, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. म्हणून समुद्रकाठच्या, पावसाळी पट्ट्यात ते तुलनेने बरं चालतं आणि जैसलमेरच्या कोरड्या हवेत तो फायदा आटतो. सावलीतही, ओळीची सावली पट्ट्यांना आडवी पडेल अशी मांडणी असेल तर जेवढी सावली तेवढाच तोटा. पण हे सगळं साईटवर अवलंबून, सरसकट "भारतात जास्त वीज" असं लिहून देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, पीव्हीसिस्टचा (वीजनिर्मितीचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर) रिपोर्ट साईटसकट मागतो.

"चीनचा संबंध नाही." वेफर लागत नाही हे खरं. पण टेल्युरियम लागतं. एक चौरस मीटरवर अडीच मायक्रॉनचा थर म्हणजे अडीच घन सेंटीमीटर माल, घनता ५.८५ धरली तर साधारण साडेचौदा ग्रॅम, त्यात निम्म्याहून थोडं जास्त टेल्युरियम, म्हणजे पावणेआठ ग्रॅम. चौरस मीटरला १९० वॉट निघाले तर किलोवॅटला ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गिगावॅटला ४० टन, आणि हे फक्त काचेवर बसलेलं, भट्टीच्या भिंतींवर जातं ते वेगळं. तुमच्या २०० मेगावॅटला आठ टन हा आकडा छोटा वाटेल, पण टेल्युरियमची स्वतंत्र खाण अशी जवळजवळ नसतेच, तांबं शुद्ध करताना खाली जो गाळ उरतो त्यातून ते मिळतं, आणि जगाचं सगळं उत्पादन काहीशे टनांच्या घरात आहे. भाव वाढला म्हणून कोणी जास्त तांबं शुद्ध करत बसत नाही. आणि शुद्ध टेल्युरियम सगळ्यात जास्त बनवणारा देश चीनच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी टंगस्टन, बिस्मथ, इंडियम यांच्याबरोबर टेल्युरियमच्या निर्यातीवरही परवान्याची अट घातली. मोठ्या कंपनीचे सप्लायरशी लांबचे करार असतात आणि ती जुने पॅनल, भंगार रीसायकल करून माल परत मिळवते. नवख्याला स्पॉट भावाने घ्यावं लागतं.

आता विक्री. सोलर पार्कचा डेव्हलपर पॅनल घेत नाही, त्याची बँक घेते असं समजा. बँकेचा इंजिनियर विचारतो की हेच मॉड्यूल, याच कारखान्यातलं, फील्डमध्ये किती मेगावॅट किती वर्षं चाललंय. वॉरंटी २५-३० वर्षांची, तर वॉरंटी देणारी कंपनी तोपर्यंत असेल का. बीआयएसचं सर्टिफिकेट, ८५ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, थर्मल सायकल, हे सगळं फक्त एन्ट्री तिकीट. त्यातही थिन फिल्मचं मोजमाप वेगळं, अंधारात ठेवलेलं पॅनल एक आकडा दाखवतं, उन्हात ठेवून स्थिर केलेलं दुसरा, आणि सिलिकॉनच्या रेफरन्स सेलवर सेट केलेल्या फ्लॅश टेस्टरवर (क्षणभर प्रकाश टाकून पॉवर मोजणारं मशीन) तपासलं तर तिसराच. या आकड्यावरून कन्साइनमेंट अडकलेली मी पाहिलीय, दोन्ही लॅबचे रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर आणि ट्रक गेटवर उभा.

एवढ्यातून पास झालात तरी डेव्हलपर भावात कापतो, आणि त्याचं कापणं चुकीचं नसतं. १०० मेगावॅट पीकला साडेबावीस टक्क्यांच्या सिलिकॉनला साधारण साडेचार लाख चौरस मीटर पॅनल लागतं, १९ टक्क्यांच्या थिन फिल्मला सव्वापाच लाखांच्या वर. तेवढी जास्त जमीन, स्टील, पायलिंग, धुण्याचं पाणी. वायरिंगही वेगळी. कॅडमियम टेल्युराईडच्या मोठ्या पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज २२० च्या आसपास, त्यामुळे १५०० व्होल्टच्या सिस्टीममध्ये एका स्ट्रिंगला (एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेला) सहाच पॅनल बसतात, सिलिकॉनचे सत्तावीस-अठ्ठावीस बसतात. म्हणजे स्ट्रिंग चौपट-पाचपट आणि त्यांना गोळा करायला हार्नेस (तयार जोडलेल्या वायरींचा जुडगा). हा सगळा फरक तुमच्या पॅनलच्या किमतीतून वजा होतो.

मग भारतात थिन फिल्म बनतच नाही का? बनतं. फर्स्ट सोलरचा कारखाना तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ पिल्लईपाक्कमला जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, ३.३ गिगावॅट, गुंतवणूक सुमारे ७० कोटी डॉलर. त्यात ५० कोटी डॉलरचं कर्ज अमेरिकन सरकारच्या डीएफसी या विकास वित्तसंस्थेने दिलं. वर पीएलआयच्या (सरकारच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेच्या) दुसऱ्या टप्प्यात २०२३ मध्ये त्यांना ३.४ गिगावॅटसाठी १,१७८ कोटी रुपये मंजूर झाले. आकडे यासाठी सांगितले की कमीत कमी किती मोठा डाव खेळावा लागतो ते कळावं. आणि त्यांचीही रेसिपी इथे जन्मलेली नाही, ओहायोतून आलीय, आधी मलेशिया, व्हिएतनाममध्ये घोटून घेतलेली.

गंमत म्हणजे आपल्या धोरणाने थिन फिल्मला आधी आयातीत मदत केली होती. २०१० च्या राष्ट्रीय सोलर मिशनमध्ये देशी मालाची अट होती, पण ती क्रिस्टलाइन सिलिकॉनला, थिन फिल्म त्यातून सुटलं होतं. मग काय, डेव्हलपरांनी अमेरिकन एक्झिम (निर्यात-आयात) बँकेचं स्वस्त कर्ज घेऊन अमेरिकन थिन फिल्म आणलं. राजस्थानात पोखरणजवळ धुरसरचा ४० मेगावॅटचा प्लांट त्याच काळातला, २०१२ चा. पॅनल हजारोंनी लागले, कारखाना एकही नाही उभा राहिला. पुढे अमेरिकेने त्याच देशी अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केस केली आणि २०१६ मध्ये आपण हरलो. आताची रचना वेगळी आहे. आयात मॉड्यूलवर ड्युटी आहे, एएलएमएम एप्रिल २०२४ पासून परत लागू आहे, आणि जून २०२६ पासून सेलचीही यादी लागते. सेलच्या यादीत एक गोष्ट थिन फिल्मच्या बाजूने आहे, काच ते पॅनल एकाच इंटिग्रेटेड युनिटमध्ये बनत असेल तर ती अट पूर्ण झाली असं धरतात. एजंट हाच मुद्दा घोळवून सांगेल. पण हे संरक्षण सिलिकॉनवाल्यांनाही तितकंच आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्येच एएलएमएममधली मॉड्यूल कपॅसिटी १०० गिगावॅटला पोचली. तुमची स्पर्धा चीनशी नाही, गुजरातमधल्या नवीन टॉपकॉन लाईनशी आहे.

कॅडमियमबद्दल दोन शब्द, कारण लोक एकतर घाबरतात नाहीतर हसण्यावारी नेतात. पॅनलमध्ये बंद असलेलं कॅडमियम टेल्युराईड पाण्यात सहज विरघळत नाही, मोठ्या पॅनलमध्ये साधारण वीस ग्रॅम कॅडमियम असतं, साईटवर त्याची भीती बाळगायचं कारण नाही. कारखान्यात मात्र चेष्टा नाही. धूळ, भट्टीची साफसफाई, क्लोराईडचं पाणी, कामगारांच्या रक्त-लघवीच्या नियमित तपासण्या, प्रदूषण मंडळाची परवानगी, हे सगळं पहिल्या दिवसापासून. सेकंड हँड लाईन असेल तर आतमध्ये चिकटलेला जुना माल साफ करून देणार कोण, आणि तो कंटेनर धोकादायक कचरा म्हणून कस्टमला अडकला तर कोणाचा खर्च, हे एजंटला विचाराच. चेहरा बघा.

तर तुम्ही काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर काचेलाच धरून राहिलो असतो. थिन फिल्म असो की बायफेशियल (दोन्ही बाजूंनी वीज करणारं) टॉपकॉन, मागे काच लागतेच, जंक्शन बॉक्सची वायर काढायला भोक असलेली, कडा घासलेली, हीट स्ट्रेंग्थन्ड. भोकाच्या कडेला बारीक चिप राहिली तर लॅमिनेटरमध्ये काच फुटते, त्यामुळे ते काम नीट करणाऱ्याला मॉड्यूलवाले सोडत नाहीत. सध्या यात बराच माल बाहेरून येतो. तुमची भट्टी किती जाडीपर्यंत सपाट काच देते हे मात्र पाहावं लागेल. २ मिलिमीटरला वेव्ह आली तर लॅमिनेशनला बुडबुडे धरतात, आणि जुन्या रोलर भट्टीला २ मिलिमीटर जड जातं. म्हणजे तिथेही खर्च आहेच, पण तो तुमच्या आवाक्यातला आणि समजणारा खर्च आहे. दुसरं, पॅनलच्या मागचे स्टील रेल आणि वायर हार्नेस. यात वॉरंटीची जबाबदारी लिमिटेड राहते. पेरोव्हस्काईटवर आयआयटी मुंबईत चांगलं काम चाललंय, त्यावर लक्ष ठेवा, पण ओलावा आणि उष्णतेत पंचवीस वर्षं टिकण्याचा प्रश्न अजून सुटायचाय, आज त्यावर जमीन गहाण टाकू नका.

तरीही लाईनचा मोह होतच असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी एजंटकडून चार गोष्टी लेखी मागा: मटेरियल कुठलं, बंद पडण्याआधीच्या शेवटच्या वर्षाचा महिन्यागणिक यील्ड, तिथल्या मालाचा निदान पाच वर्षं फील्डमध्ये असलेल्या प्लांटचा जनरेशन डेटा, आणि प्रोसेस इंजिनियरांपैकी किती जण, किती काळासाठी इथे यायला तयार आहेत त्यांचे करार. पैकी यील्डची शीट आली तर इथे टाका, मी बघून सांगतो. नाही दिली तर ते पैसे २ मिलिमीटरच्या भट्टीत घाला.